पेवात उतरणारा पैसा

एकदा एका नदीकाठच्या गावात एक म्हातारा आणि त्याचा शिष्य हळदीच्या पेवाचं तोंड उघडत होते. पेव म्हणजे जमिनीत खोल खोदलेलं कोठार. तोंड माणूस जेमतेम आत जाईल एवढं, आणि पोट मोठ्या रांजणासारखं. आत उसाचा पाला आणि चटया अंथरून हळद भरतात, तोंडावर फरशी ठेवतात, वरून चिखलाने लिंपून टाकतात. हळद मग महिनोन्‌महिने तिथे सुखाने राहते. अशी पेवं आता फार थोडी उरली आहेत, आणि ती उघडण्याची रीत जाणणारी माणसं त्याहून थोडी.

म्हाताऱ्याचं नाव भरमाण्णा. शिष्य सुकुमार, तिशी ओलांडलेला, घरी आई, बायको त्रिशला आणि एक मुलगी असलेला. तीन वर्षं तो भरमाण्णांकडे हे काम शिकत होता. दुसरी एक विद्या तो आपली आपणच शिकला होता, मोबाइलवर शेअर घेण्याची. त्यात तो उतावळा होता असं कुणी म्हणू नये. दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकायचा, कंपन्यांचे अहवाल बसून वाचायचा. न कळणाऱ्या कंपनीच्या वाटेला जायचा नाही. चार वर्षांत त्याने बरी पुंजी जमवली होती.

फरशी बाजूला सरकवून झाली तेव्हा दहा वाजले होते. आतून जड, कुबट वास वर आला. दोघे दहा पावलं मागे जाऊन बाभळीखाली बसले.

"आण्णा, एक विचारू?" सुकुमार म्हणाला.

"विचार की."

"बेअरिंग बनवणारी एक कंपनी हाय. दोन वर्षं मी तिच्यावर नजर ठेवून हाय. कर्ज न्हाई, कारखाना दिवसरात्र चालतोय. उद्या तिचे तिमाही निकाल येणार. सगळे म्हणतात, निकाल आला की भाव उडणार. घ्यायचा तर आजच घ्यायला पाहिजे, साडेतीनच्या आत. साडेतीनला बाजार बंद होतोय."

"मग घे. मला कशाला विचारतुयास? मला त्यातलं काय कळतंय?"

सुकुमार जरा वेळ जमिनीवर काडीने रेघा ओढत राहिला. "माझे पैसे या महिन्याचे गुंतवून झालेत. आता हाताशी हायत ते आईच्या गुडघ्यांचे. दसऱ्यानंतर ऑपरेशन ठरलंय. पाटल्या मोडून आणि दोन वर्षांची बचत घालून ठेवलेत. महिनाभर ते बँकेत नुसते पडून राहणार. तेवढ्यात ते तिकडं फिरवून आणले तर औषधपाण्याचाही खर्च निघंल."

"आईला सांगितलंस?"

"न्हाई. त्रिशलालाही न्हाई. ती म्हणणार, विचार नीट केलास का. म्हणून तुम्हाला विचारतोय."

"म्हणजे मला सोपा समजलास," भरमाण्णा हसून म्हणाले. मग त्यांनी पेवाकडे पाहिलं. "आधी हे उघडू. मग तुझं बघू."

बारा वाजता त्यांनी कंदील पेटवला, दोराला बांधला आणि हळूहळू पेवात सोडला. पुरुषभर खाली गेला नाही तोच ज्योत बारीक झाली आणि विझली. ही त्या कामातली पहिली रीत. बंद पेवात हळदच आतली हवा खाऊन टाकते, आणि कंदील जळत नाही तिथे माणूसही जगत नाही. भरमाण्णांनी कंदील वर ओढला आणि शिदोरी सोडली.

दोन वाजता पुन्हा सोडला. या वेळी थोडा जास्त खाली गेला, आणि विझला.

अडीचच्या सुमारास एक व्यापारी ट्रक घेऊन आला. भरमाण्णांशी त्याचा जुना व्यवहार होता. या पेवातली हळद भरमाण्णांची स्वतःची होती, कुणी ठेवायला दिलेली नव्हती.

"भरमाण्णा, आज नशीब काढलंत तुम्ही," तो म्हणाला. "बंदरावर माझा माल पंचवीस पोत्यांनी कमी पडतोय. उद्या पहाटे पोचवायचाय. बाजारभावापेक्षा बराच वरचा भाव देतो. फक्त चारला गाडी सुटली पाहिजे."

"दिवा विझतोय, शेटजी. संध्याकाळी उतरता येईल."

"संध्याकाळी मला काय उपयोग? उद्या हाच माल तुम्ही नेहमीच्या भावाला विकणार. आणि तोंड तर उघडंच आहे की सकाळपासून."

"तोंड उघडं हाय. पोट बंद हाय."

व्यापारी कपाळाचा घाम पुसत सुकुमारकडे वळला. "तू तरी सांग बाबा यांना. तरणा आहेस. पूर्वी तर लोक दम धरून उतरायचे म्हणे."

सुकुमारच्या मनात ते आधीच येऊन गेलं होतं. हळदीचा भाव वरचा होता आणि तो आण्णांना मिळावा असं त्याला मनापासून वाटत होतं. तो उभा राहिला. "आण्णा, मी उतरतो. एका दमात एक पोतं भरून दोराला लावायचं आणि वर यायचं. वर येऊन श्वास घ्यायचा, पुन्हा जायचं. पहिली चार पोती निघाली की हवाही खेळती होईल."

भरमाण्णा त्याच्याकडे बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत, रागावलेही नाहीत. आदल्या दिवशी दुसऱ्या पेवातून काढून विकलेल्या मालातल्या उरलेल्या हळकुंडांचा लहानसा ढीग जवळच पडला होता. त्यांनी ढिगाकडे बोट केलं.

"उतर. पण आधी इथं वर करून दाखव. तोंड मीट. रिकामं पोतं घे, घमेल्यानं भर, सुतळीनं तोंड बांध आणि दोराला अडकव. श्वास घ्यायचा न्हाई. झालं तर मी स्वतः तुला खाली सोडतो."

"इथं? वर?" व्यापारी हसला. "हा काय खेळ आहे, भरमाण्णा? माझी गाडी उभी आहे."

"उभी राहू द्या. एका श्वासाचा तर वेळ."

सुकुमारने छाती भरून हवा घेतली आणि ओठ घट्ट मिटले. पहिली तीन घमेली झरझर पोत्यात गेली. चौथ्याला हात जड झाला. पाचव्याला त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. सहावं घमेलं त्याने अर्धं बाहेरच सांडलं, सुतळीसाठी हात लांब केला आणि एकदम तोंड उघडून, पोत्यावर ओणवा होऊन, तो धापा टाकू लागला. पोतं अर्धंच भरलं होतं. बांधायचं राहिलं होतं. शिडीने उतरणं आणि चढणं तर यात धरलंच नव्हतं.

व्यापाऱ्याचं हसू मावळलं होतं. त्याने पेवाच्या काळ्या तोंडाकडे एकदा पाहिलं. "राहू द्या," तो म्हणाला. "दुसरीकडे कोरड्या गोदामात मिळतो का बघतो." जाताना त्याने भरमाण्णांना नमस्कार केला, तो नेहमीपेक्षा जरा खाली वाकून.

ट्रकची धूळ बसली. भरमाण्णांनी तांब्या पुढे केला. सुकुमार पाणी प्याला.

"तुमचा भाव गेला, आण्णा."

"गेला. आता मला सांग, हळद चांगली हाय न्हवं?"

"एक नंबर हाय."

"पेव कोरडं हाय?"

"हाय."

"भाव चांगला होता? शेटजी खोटं बोलत होते?"

"न्हाई. भाव खराच होता."

"सगळंच चांगलं होतं बघ. मग तू खाली गेला असतास तर मेला कशानं असतास?"

सुकुमार सांडलेली हळकुंडं गोळा करू लागला.

"हळदीनं मारलं नसतं, पेवानं मारलं नसतं," भरमाण्णा सावकाश म्हणाले. "तुझ्या छातीत श्वास थोडा होता आणि काम त्याच्याहून मोठं होतं. एवढंच. लेकरा, पैशालाही असाच श्वास असतो. तुझे महिन्याचे पैसे असतात न्हवं, त्यांना कुणी वर हाका मारत न्हाई. ते दहा वर्षं खाली बसतील. बाजार पडला तर पडून राहतील, चढला तर चढतील. त्यांना खुशाल उतरव. मी बाजाराला वाईट म्हणतच न्हाई. मी माझी हळद जमिनीत पुरून ठेवणारा माणूस, मी कशाला म्हणू? पण आईच्या गुडघ्यांचा पैसा एका महिन्यात वर यायला पाहिजे. त्याचा श्वास महिन्याचा. त्याला खाली सोडलास आणि भाव पडला, तर तू काय करशील?"

"कंपनी चांगली हाय, आण्णा. पडला तरी पुन्हा वर येईल."

"येईल की. कधी?"

"ते सांगता न्हाई येत. सहा महिने, वर्षही लागंल."

"आणि डॉक्टरला काय सांगशील? आईला काय सांगशील? गुडघ्यांनो, जरा दम धरा, निकाल यायचेत?"

सुकुमारला हसू आलं. मग ते ओसरलं.

"आदगोंडा म्हणून माझा जोडीदार होता," भरमाण्णा म्हणाले. "पैलवान गडी. असाच घाईचा दिवस होता. दम धरून उतरला आणि पोतं घेऊन वर आला. तीनदा आला. चौथ्यांदा आम्ही दोर ओढला तर नुसता दोरच वर आला." त्यांनी दोराचं टोक हातात घेतलं. "त्या दिवशी भाव फार चांगला होता म्हणून तर आम्ही घाई केली. काय भाव होता, ते आता मला आठवत न्हाई."

सुकुमारने मोबाइल बाहेर काढला. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. त्याने खरेदीचं पान उघडलं, आकडा भरलेलाच होता. त्याने तो पुसला. मग त्रिशलाला फोन लावला आणि म्हणाला, "आईच्या पैशांची मुदतठेव करून टाकू या, दसऱ्यापर्यंतची. उद्या बँकेत जाऊ." पलीकडून तिने काही विचारलं असावं. "न्हाई ग, काही झालं न्हाई. घरी आल्यावर सांगतो."

सूर्य कलला तेव्हा कंदील तिसऱ्यांदा खाली गेला आणि तळाशी जळत राहिला. दोघे उतरले. दिवस मावळायच्या आत अठरा पोती वर आली. दोन दिवसांनी ती नेहमीच्या भावाने विकली गेली.

आता गोष्ट इथे संपवली तर ती फार सोपी होईल. कारण दुसऱ्या दिवशी त्या कंपनीचे निकाल आले आणि उत्तम आले. शेअर चढला, आठवडाभर चढतच राहिला. सुकुमारने सांगितल्यावरून तो घेतलेले लोक चहाच्या टपरीवर त्याला पाहून हसू लागले. त्याच्या शाळेतला सोबती रावसाहेब तर मोठ्याने म्हणाला, "या गुरुजी. लोकांना जेवायला बसवलं आणि स्वतः उपाशी."

सुकुमार भरमाण्णांकडे गेला. त्याने काही लपवलं नाही. "आण्णा, चढला की. माझी चूक झाली का?"

भरमाण्णा फाटक्या चटईला सुतळीने टाके घालत होते. "तू त्या दिवशी पेवात उतरला असतास आणि एक पोतं घेऊन जिता वर आला असतास, तर मी काय म्हटलं असतं? शाबास म्हटलं असतं?"

"न्हाई. शिव्या दिल्या असत्या."

"मोजून दिल्या असत्या. वर आलास म्हणून उतरणं बरोबर ठरत न्हाई. आदगोंडाही तीनदा वर आला होता. आणि तीनदा वर आला न्हवं, म्हणूनच चौथ्यांदा उतरला." त्यांनी टाका दाताने तोडला. "कंपनी तू बरोबर ओळखलीस, त्याचा आनंद मान. तुझी नजर चांगली हाय. पुढच्या महिन्याचे पैसे आले की तीच घे, महाग वाटली तर दुसरी बघ. बाजार कुठं पळून चाललाय?"

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात सुकुमारच्या आईचं नाव पुकारलं गेलं. पैशांच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "किती दिवसांत भरणार?" सुकुमार म्हणाला, "आत्ताच." त्या दिवशी तो शेअर वर होता की खाली, हे त्याने पाहिलं नव्हतं. पाहण्याचं कारणच उरलं नव्हतं.

त्यानंतर महिनाभराने रावसाहेब टपरीवर त्याच्या शेजारी येऊन बसला. या वेळी आवाज हलका होता. "सुकुमार, थोडे पैसे हायत हाताशी. तुझी नजर चांगली हाय. कुठला शेअर घेऊ, सांग की."

सुकुमारच्या डोक्यात दोन चांगली नावं होती. त्याने चहाचा पेला खाली ठेवला.

"नाव सांगतो. पण आधी एक सांग. हे पैसे परत कधी लागणार हायत?"

रावसाहेब काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. "पोराच्या शाळेची फी भरायचीय," तो म्हणाला. "जानेवारीत."

सुकुमारने चहाचा पेला पुन्हा उचलला. मग रावसाहेबाने हातातला मोबाइल खिशात घातला आणि आणखी दोन चहा सांगितले.