चार मोकळे दिवस

"म्हंजे आठवड्याचे चार दिवस तू मोकळा... अन् तरी दमला?"

महाराजांनी विचारलं आणि उकडलेला शिंगाडा दातांखाली धरून फोडला.

प्रभाकर कापगते खाली पाहत राहिला. प्रश्न त्यानेच आणला होता. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र तो पोरकट वाटायला लागला.

"दमलो नाही, महाराज. दिवस वाया जातात. त्याचा त्रास होतो."

"कुठं जातात?"

"वाया."

"ते ऐकलं. पन जातात कुठं?"

प्रभाकरने वर पाहिलं. महाराज चेष्टा करत होते असंही नव्हतं. हरवलेल्या गाईबद्दल विचारावं, तसं ते खरोखर विचारत होते.

भानगिरी महाराजांची ही ख्याती सगळ्या तळेपट्टीत होती. विचारायला जावं, तर ते उलट आपल्यालाच विचारतात. खैरीच्या तळ्याकाठी पत्र्याची एक पडवी, पुढे चिंच, मागे समाधी, एवढाच त्यांचा मठ. कुणी सोयरिकीचं विचारायला येई, कुणी आजारपणाचं. निम्मे लोक चिडून परत जात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येत.

प्रभाकर पहिल्यांदाच आला होता. तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात तो एक्स-रे काढायचा. सोमवार, मंगळवार आणि शुक्रवार. बाकीचे दिवस त्याचे स्वतःचे.

हे असं अर्धवेळ काम त्याने मागून घेतलं होतं. आधी मोठ्या इस्पितळात सहा दिवसांची नोकरी होती. थोरला भाऊ वीजमंडळात. भावाने जन्मभर सगळं निवृत्तीवर टाकलं. तीर्थयात्रा निवृत्तीनंतर, बहिणीकडे निवांत राहणं निवृत्तीनंतर, भावाभावांनी मिळून नदीवर जाणं तेही निवृत्तीनंतरच. निवृत्त झाला आणि त्याच वर्षी गेला. कपाट आवरताना प्रवासासाठी घेतलेले कोरे बूट निघाले. आतला कागदाचा बोळासुद्धा कुणी काढला नव्हता.

तेराव्याच्या पंगती उठल्यावर प्रभाकर बायकोला म्हणाला, मी असा मरणार नाही.

सुलभाने ऐकून घेतलं. पगार निम्म्यावर आला, भाजीतलं तेल कमी झालं, तिने शिलाईचं यंत्र बैठकीत आणून मांडलं. कुरकुर केली नाही.

आणि मोकळे दिवस आले...

पहिल्याच महिन्यात त्याने पेटी विकत घेतली. मग गच्चीवर मिरचीची रोपं लावली. पहाटे पळायला लागला. मोबाइलवर एक गृहस्थ सुट्टीचं सोनं कसं करावं ते सांगत, ते जेवताना ऐकायला लागला. पेटी वाजवताना पळणं राहिलं असं वाटे, पळताना रोपांना पाणी घालायचं आठवे. दुपारी जरा डोळा लागला की दचकून उठे आणि सुलभाला विचारे, किती वाजले? पेटी आता पलंगाखाली होती. मिरच्या वाळून गेल्या होत्या. रविवारी रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की खिसा कापला गेल्यासारखं वाटायचं.

आता दवाखान्यात नवं यंत्र यायचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज या, पूर्ण पगार देतो. नको असेल तर आहे तसंच चालू ठेवू. पण सोमवारी सकाळी काय ते सांगा.

उद्या सोमवार होता.

हो म्हटलं, तर भावाच्या तेराव्याला उच्चारलेलं वाक्य तिथेच संपणार. नाही म्हटलं, तर कुठल्या तोंडाने? मोकळ्या दिवसांचं केलं काय, असं कुणी विचारलं तर दाखवायला एक सूरही नव्हता.

सुलभा म्हणाली होती, "घ्या हो ती नोकरी. इथं घरी असता, पण बसलेले कधी दिसत नाही. तिथं निदान खुर्ची आहे."

हे सगळं त्याने महाराजांना क्रमवार सांगितलं. काही गाळलं नाही.

महाराज ऐकत होते आणि शिंगाडे सोलत होते. सोललेला एक पांढरा गर त्यांनी प्रभाकरपुढे धरला. त्याने तो घेतला आणि हातातच ठेवला.

"आज कोनता दिवस? कामाचा का मोकळा?"

"मोकळा. रविवार."

"मंग आज काय करून राहिला?"

"तुम्हाला विचारायला आलोय."

"विचारून झाल्यावर?"

"घरी जाईन. वाटेत नर्सरी लागते, तिथे रोपं बघेन. मग पेटी काढून..."

"हं," महाराज म्हणाले. "लई काम हाय तुले."

तेवढ्यात तळ्याच्या बाजूने बुधाबाई वर आली. मासेमारी करणाऱ्या ढिवरांपैकी एक म्हातारी, डोक्यावर ओली टोपली, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. टोपली चिंचेखाली उतरवून ती फतकल मारून बसली. शिंगाडे तिचेच होते.

तिने पाहुण्याकडे निरखून पाहिलं आणि महाराजांना सांगितलं, की हा माणूस मी आली तवापासून मनगटाकडेच पाहून राहिला, ह्याची बस असंल तर जाऊ द्या बिचाऱ्याला.

प्रभाकरने बाही खाली ओढली. बस नाही, स्कूटर आहे, असं तो म्हणाला.

महाराजांनी तिला त्याची अडचण थोडक्यात समजावून दिली आणि विचारलं, तुले चार दिवस सुट्टी भेटली तं तू काय करशील?

बुधाबाईने तोंडावरचं पाणी पुसलं.

"पयले तं मी कोनाले सांगनच नाही," ती म्हणाली.

महाराज इतके हसले की पडवीवरचे पारवे उडाले. प्रभाकरला हसू आलं नाही. आपण इतक्या लांब आलो, सकाळचं ऊन डोक्यावर आलं, आणि हाती अजून काही लागलं नाही, हाच विचार त्याच्या मनात होता.

त्याने सरळच विचारलं.

"महाराज, तुमचे तर सगळेच दिवस मोकळे. तुम्ही ते कसे घालवता?"

"मी?" महाराजांनी हातातल्या सालीकडे पाहिलं. जणू तिथे लिहिलं असावं. "...ध्यानात नाही राहिलं."

तळ्यात एक पाणकोंबडी बुडी मारून गेली. ती कुठे वर निघते ते महाराज मान लांब करून पाहत राहिले. निघाली, तेव्हा त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

मग त्यांनी एकदम विषय बदलला.

"ते तुया यंत्राचं सांग. मानसाच्या आतलं खरंच दिसते?"

प्रभाकरला हा प्रश्न अनपेक्षित होता. हाडं दिसतात, तो म्हणाला. छातीचा असेल तर फुप्फुसं, हृदयाची सावली.

साधूचं अन् चोराचं सारखंच दिसते का, असं महाराजांनी विचारलं. सारखंच, तो म्हणाला. रागीट माणसाचं काळीज मोठं दिसतं का, हे बुधाबाईला हवं होतं. तिला तिच्या दिराबद्दल शंका होती. तसं काही नसतं, असं सांगताना प्रभाकर पहिल्यांदा थोडा सैल झाला. इतक्या वर्षांत त्याच्या कामाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. लोक विचारत ते रिपोर्टबद्दल.

"मले काढाचा असंल छातीचा फोटो, तं कसं उभं राहाचं?"

प्रभाकर उठला आणि दाखवायला लागला. यंत्राच्या पाटीला छाती चिकटवायची. हनुवटी वर. हात कमरेवर, खांदे पुढे.

"अन् मंग?"

"मग मी आडोशामागे जातो आणि म्हणतो, मोठा श्वास घ्या. रोखा. हलू नका. फोटो निघाला की म्हणतो, सोडा."

"अन् म्हनाचं राहून गेलं तं?"

प्रभाकर हसला. आल्यापासून पहिल्यांदा.

एकदा राहून गेलं होतं, त्याने सांगितलं. खेड्यावरचे एक आजोबा होते. त्यांचा फोटो निघाला आणि नेमकं तेव्हाच बाहेर एक बाई चक्कर येऊन पडली, म्हणून तो धावत गेला. बाई सावरली, तो परत आत आला, तर म्हातारा तसाच. छाती फुगलेली, हनुवटी वर, डोळे बाहेर आलेले. तो ओरडला, अहो सोडा, तेव्हा कुठे सोडला.

"मी विचारलं, आजोबा, आपणहून का नाही सोडला? तर म्हणतात, तुमी सांगतलं नाही ना जी."

बुधाबाईने कपाळाला हात लावला. महाराजांना मात्र ही गोष्ट फार आवडली. तो म्हातारा कुठल्या गावचा, पुढे बरा झाला का, हे त्यांनी बारकाईने विचारून घेतलं.

ऊन पडवीच्या आत शिरलं होतं. प्रभाकरने बाही सारून घड्याळ पाहिलं आणि त्याला आपलं काम आठवलं.

तो महाराजांसमोर नीट बसला.

"महाराज, एवढंच सांगा. उद्या डॉक्टरांना काय उत्तर देऊ? हो, का नाही?"

महाराजांनी मांडीवरच्या साली खाली झटकल्या. ताठ बसले. हनुवटी वर केली, हात कमरेवर ठेवले... आणि मोठा श्वास आत घेतला.

प्रभाकर पुढे सरकला. आता बोलणार.

महाराज बोलले नाहीत.

श्वास आतच होता. छाती फुगलेली होती, ओठ मिटलेले होते, नजर तळ्यापलीकडे कुठेतरी. मोठं काही सांगण्याआधी सत्पुरुष असे स्तब्ध होतात, असं प्रभाकरने ऐकलं होतं. तो हलला नाही.

महाराजांच्या मानेची शीर वर आली.

बुधाबाईचा हात टोपलीतच थांबला.

महाराजांचे कान लाल झाले. मग कपाळ. डाव्या डोळ्यातून पाण्याची एक रेघ गालावर उतरली, पण छाती तशीच.

प्रभाकरच्या तोंडून शब्द आपोआप निघाला. दवाखान्यात, आडोशामागून निघतो तसाच, सपाट आणि मोठ्याने.

"सोडा!"

महाराजांनी भसकन श्वास सोडला आणि त्यांना जोराचा खोकला आला. बुधाबाई धावली, पाठीवर थापा मारायला लागली. तोंडाचा पट्टा चालूच होता. या वयात हे कसले चाळे, एखाद दिवशी असेच जाल आणि गाव माझ्यावर आळ घेईल, वर माझे शिंगाडे बदनाम होतील ते वेगळंच. महाराज हातानेच तिला शांत करत होते. तांब्यातलं पाणी प्याले. डोळे पुसले. पंच्याने दाढी पुसली. थोडं हसलेही.

मग निवांत झाले. एक शिंगाडा उचलून सोलायला लागले.

प्रभाकर वाट पाहत होता. सगळं नीट पाहिलं होतं त्याने. पण उत्तर अजून आलं नव्हतं, आणि उत्तर घेतल्याशिवाय जायचं नाही असं तो घरून ठरवून निघाला होता.

"महाराज..." तो हळूच म्हणाला. "मग हो म्हणू, का नाही?"

महाराजांनी मान वर केली नाही.

तो थांबला. एक शब्दही निसटू नये म्हणून पुढे झुकला. दोन्ही हात कमरेवर, हनुवटी वर, खांदे ताणलेले. मघाशी घेतलेला शिंगाड्याचा गर मुठीत दाबून दाबून त्याचा भुगा झाला होता, ते त्याला कळलं नव्हतं. चिंचेचा पाला गळत होता. तळ्यावर वारा नव्हता. बुधाबाई एकदा महाराजांकडे पाही, एकदा त्याच्याकडे.

बराच वेळ तसाच गेला...

शेवटी महाराजांनी सोललेला शिंगाडा बाजूला ठेवला, प्रभाकरकडे निरखून पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"फोटो कवाचाच निघाला, बाबू... सोड आता."