लेकींची वंशावळ सांगणारा मायाप्पा

किती पिढ्या लोटल्या, हे आता आरळगुंडीत कोणालाही सांगता येत नाही. पण फार पूर्वी कर्नाटकाच्या सीमेलगतच्या या गावात मायाप्पा नावाचा हेळवी येत असे. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी मुखोद्गत ठेवणारा आणि सुगीनंतर बैलावर बसून गावोगाव त्या म्हणून दाखवणारा. मायाप्पाचा एक पाय जन्मतःच अधू होता. वंशावळ बैलाच्या पाठीवरूनच सांगायची, भुईला पाय लावून नाही, असा त्याच्या कुळाचा नियम होता, आणि तो त्याने कधीही मोडला नव्हता. असे म्हणतात, की तो एकेक नाव उच्चारू लागला, की ऐकणाऱ्यांना आपल्या पणज्याच्या चिलमीचा वास येई.

एका वर्षी साथीने सारा मुलूख ओस पाडला. सुगी सरल्यावर नदीपलीकडून लगमा नावाची एक तरुण स्त्री एकटीच चालत आली. नवरा गेला होता, सासर गेले होते, आईवडीलही गेले होते. आणि पोटातल्या जिवाचे दिवस भरत आले होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत. माहेर उरले नव्हते, म्हणून ती आजीचे माहेर शोधत आली होती.

"माज्या आईची आई ह्या बिरंज्यांच्या घरातली लेक," ती म्हणाली. "चंपव्वा तिचं नाव."

बिरंज्यांच्या घरचा कर्ता कल्लाप्पा दुष्ट नव्हता. परंतु त्या वर्षी अनोळखी माणसाला घरात घेणे म्हणजे मरणाला पाट मांडणे, असे सगळ्यांनाच वाटे. घरातली जुनी माणसेही साथीत गेली होती. चंपव्वा कोण, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. नेमक्या त्याच दिवशी मायाप्पाचा बैल चावडीसमोर येऊन उभा राहिला.

"हेळवी सांगंल ते खरं," कल्लाप्पा म्हणाला.

मायाप्पाने बिरंज्यांच्या सतरा पिढ्या सांगितल्या. विहीर कोणी खणली, रणात कोण पडला, कोणाला किती मुलगे झाले. एका अक्षरावरही तो अडखळला नाही. चंपव्वा मात्र त्यात नव्हती.

"न्हाई बा असं नाव," तो म्हणाला. आणि त्यात खोटे काहीच नव्हते.

लगमाने पदर सावरला. "मामा, सतरा पिढ्यांत एक तरी बाई गावली का तुमास्नी? का समदे गडी झाडाला लागले व्हते?"

चावडीवर कोणीतरी हसले. पण ते हसू लगेच विरले. लगमा शिवेवरच्या चिंचेखाली जाऊन बसली. थोड्याच वेळात पाणवठ्यावरून परतणाऱ्या बायका धावत आल्या आणि म्हणाल्या, की तिला कळा सुरू झाल्या आहेत.

तेव्हा मायाप्पा बैलावरून उतरला. असे म्हणतात, की त्याचा अधू पाय भुईला लागला त्या क्षणी बैलाने गुडघे टेकले, आणि त्यानंतर जन्मभर त्याने कोणालाही पाठीवर घेतले नाही.

लंगडत लंगडत तो खालच्या आळीत गेला. तेथे येसाक्का, गावातली सर्वांत वृद्ध स्त्री, जात्याशी बसली होती.

"आक्का, बिरंज्यांची चंपव्वा ठावं हाय?"

"ठावं नसाया काय झालं? मी नवी नवरी हुते, तवा तिची पाठवणी झाली. नदीपल्याड दिली. हनुवटीवर गोंदलेलं. समद्या रडत हुत्या, ही बया हसत गेली." येसाक्काने जात्याचा खुंटा सोडला. "एवढी वर्सं गावात येतोस, आन् आज पुसतोस व्हय रं? फेटेवाल्यांस्नी पुसत बसलास. लेकींची नावं फेट्यात बांधत्यात व्हय?"

"चुकलं माजं," मायाप्पा म्हणाला. "सांग, आक्का. येकूणएक सांग."

येसाक्का पुन्हा दळू लागली, आणि दळता दळता गावातून गेलेल्या लेकींची नावे घेऊ लागली. पीठ पडत होते, नावे पडत होती. तिला ठाऊक होते तिथवर येऊन ती थांबली. मायाप्पा मात्र थांबला नाही. नावे घेतच तो बिरंज्यांच्या दारी आला. येसाक्काच्या आजीलाही ठाऊक नसतील अशा लेकी तो सांगत होता: कोण कुठल्या गावी दिली, कोणाच्या हाताला गोडी होती, कोणाला माहेर पुन्हा दिसलेच नाही. ही पुढची नावे त्याला कोणी सांगितली, हे आजवर कोणालाही उमगलेले नाही. असे म्हणतात, की त्या वेळी नदीच्या दोन्ही काठांवरच्या बारा गावांत बायका हातातले काम टाकून दाराशी आल्या. माहेरचे कोणीतरी हाक मारते आहे, असे त्या सगळ्यांना वाटले.

कल्लाप्पा अनवाणीच चिंचेकडे धावला. "चल गं बाई, घरला चल," तो म्हणाला. बाज आणून बायकांनी लगमाला उचलले. दिवेलागणीपूर्वी बिरंज्यांच्या माजघरात मुलगी जन्मली, आणि आईच्या नावासह तिचे नाव मायाप्पाने वंशावळीत घातले.

पुढे तो उरलेले आयुष्य पायीच हिंडला. जिथे जिथे या गावची लेक दिली होती, तिथे तिथे गेला. तिने सांगितलेले शब्द त्याने जसेच्या तसे माघारी आणले. असे म्हणतात, की त्याला मरण आले तेव्हा त्याच्या पावलांचे ठसे चाळीस गावांच्या वाटांवर ओलेच होते.

आजही सुगी सरली, की आरळगुंडीत मायाप्पाचा दिवस पाळतात. आधी लेकींची वंशावळ म्हणतात, मग लेकांची. दूरदेशी गेलेल्या लेकी पत्रे धाडतात, लेकरांसह काढलेली छायाचित्रे धाडतात. अलीकडे कोणी स्वतःच्या आवाजात आपली हकीकत ध्वनिमुद्रित करून पाठवते. ते सारे चावडीत सर्वांसमक्ष वाचतात, पाहतात, ऐकतात, आणि जपून ठेवतात. ज्या लेकीकडून काहीच आले नाही, तिच्या घरी गावातली दोन माणसे जातात. पाणी घेतात, ओसरीवर बसतात आणि म्हणतात, "बाई, तुजं सांग." ती बोलेपर्यंत उठत नाहीत.