बापूसाहेबांचं थंड हवेचं ठिकाण

ट्रकला हात लावायचा नाही, इंजिन बघायला केबिन उचलायची नाही, कुठलं यंत्र लावून मोजायचं नाही. आणि तरीही ट्रकला बसवलेली नवी नळी थंड हवा ओढत नाही, हे खुद्द बापूसाहेबांच्या तोंडून वदवून घ्यायचं! हिवरटेकच्या बापूसाहेब सरनोबतांनी आपल्या ड्रायव्हरला, गजाबा टकल्याला अशी अट घातली. उद्या संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर ट्रकची किल्ली टेबलावर ठेवून कायमचं घरी बसायचं. बापूसाहेबांच्या तोंडून बापूसाहेबांची चूक वदवायची म्हणजे रेड्याचं दूध काढायचं!

झालं होतं असं. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून बापूसाहेबांच्या भाच्याला, रणवीरला, अक्कल फुटली होती. इंजिनाला गार हवा मिळाली की ट्रक घाटात पळतो, तेव्हा कंपनीची नळी काढून बाहेरची बसवा, असं त्यानं मामांच्या डोक्यात भरवलं. गार हवेचं खरंच आहे हो. पण दुकानात जाऊन या दीडशहाण्यानं काय निवडावं? तिथे एक काळी नळी होती, बंद पेटीची, जिचं तोंड केबिनच्या वर मोकळ्या वाऱ्यात निघायचं. गजाबा म्हणाला, हीच घ्या. रणवीरनं नाक मुरडलं, कारण शेजारी दुसरी होती आरशासारखी चकचकीत. ती इंजिनाला खेटून, तोंड उघडं टाकून बसणारी. तिच्या खोक्यावर निळ्या अक्षरांत 'थंड हवा' लिहिलेलं आणि खाली बर्फाचा डोंगर. मामांनी डोंगर बघितला आणि विषय संपला. केबिनखाली कुणाला दिसणारही नाही तो चकचकाट कशाला हवा, हे विचारायची सोय नव्हती.

पहिल्याच खेपेला फरशीचा माल भरून ट्रक म्हसोबाच्या घाटात शिरला आणि धापा टाकायला लागला. मागच्या बैलगाडीवाल्यानं वाट मागितली म्हणतात. गजाबानं परत येऊन सांगितलं की नळी इंजिनाचीच गरम हवा ओढतेय. रणवीर म्हणाला, नळी उत्तम आहे, आवाज बघा कसा वाघासारखा येतो, या माणसालाच चालवता येत नाही. मामांनी मान डोलावली. खोक्यावर छापलेलं खोटं असेल का, असं विचारून वर ती अट घातली.

गजाबा घरी येऊन डोकं धरून बसला. दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं आणि दुसरं कुठलं त्याला नकोही होतं. त्याची बायको हौसा बापूसाहेबांच्याच बंगल्यावर स्वयंपाकाला होती. बंगल्यात गॅसच्या दोन शेगड्या, पण साहेबांना भाकरी लागते चुलीवरची, म्हणून मागच्या अंगणात पत्र्याच्या खोपटात चूल. त्या चुलीपुढे हौसा रोज भाजून निघायची, आणि साहेब आत पंख्याखाली बसून भाकरीच्या चवीवर भाषण द्यायचे. तिनं नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अहो, त्या नळीचं खोकं कुठंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं निरोप धाडला की आज साहेबांचं जेवण थंड हवेच्या ठिकाणी मांडलंय. वैशाखाचं ऊन. साहेब खूश होऊन, भाच्याला घेऊन मागच्या अंगणात आले. खोपटात चूल धडधडत होती आणि तिला खेटून साहेबांची दिवाणखान्यातली चकचकीत स्टीलची खुर्ची मांडलेली. खुर्चीच्या मागे, पत्र्याला सुतळीनं बांधलेला खोक्याचा पुठ्ठा. निळी अक्षरं, बर्फाचा डोंगर.

साहेब बसले. मोठी माणसं मांडलेल्या खुर्चीवर बसतातच. पहिला घास घेईपर्यंत सदरा पाठीला चिकटला, दुसऱ्या घासाला मिशीतून घाम ओघळला, आणि मग साहेब ताट सारून उठले ते ओरडतच.

"हौसा, डोकं फिरलंय का तुझं? हे थंड हवेचं ठिकाण?"

"लिहिलंय ना साहेब. डोंगरसुद्धा आहे."

"पुठ्ठ्याला काय चाटायचंय? चुलीला खेटून बसवायचं आणि वर थंड लिहायचं! लिहिल्यानं हवा थंड होते काय गं?"

हौसानं अंगणात उभ्या ट्रककडे बघितलं. साहेबांनीही बघितलं. मग पुठ्ठ्याकडे, मग खुर्चीकडे. उघडं पडलेलं तोंड मिटायला त्यांना बराच वेळ लागला.

रणवीरला मात्र गप्प बसणं माहीत नव्हतं. "पण मामा, नळीचा आवाज ऐका ना, वाघासारखा..."

"साहेबपण आत्ता वाघासारखेच ओरडत होते," हौसा म्हणाली. "त्यांना काय गार वाटत होतं?"

बापूसाहेब आधी खोकले, मग त्यांचं पोट हललं, आणि मग ते असे हसले की भिंतीवरची मांजर खाली उडी मारून पळाली. गजाबाला हाक मारून त्यांनी सांगितलं, किल्ली तुझ्याकडेच राहू दे. काळी नळी आजच बसव म्हणाले, आणि चकचकीत काढायचं काम भाच्याला दिलं, तेही इंजिन गरम असतानाच. मग हौसाला विचारलं, "बोल, तुला काय बक्षीस देऊ?"

"ती चकचकीत नळीच द्या साहेब," हौसा म्हणाली. "आमच्या बंबाचं धुराडं गंजलंय. आणि गरम हवा ओढायची तिला सवय आहेच."

साहेब पुन्हा हसायला लागले. रणवीर पाना शोधायला गेला.