सीताफळांचा वानोळा

सीताफळांचे डोळे उघडले होते. आज वाटेला लागली नाहीत तर माती होणार, म्हणून हौसाबाईची सारखी चुळबुळ चालली होती. दोन टोपल्यांसाठी कुणी टेम्पो आणत नाही. टपालानं स्वस्तात पाठवू द्या, एवढंच गावाचं मागणं. पण गावच्या बैठकीला आलेले टपालाचे मोठे साहेब तासभर एकच घोकत होते, "फळं वाटेत सडतात. जमणार नाही."

उठताना ते शिपायाला म्हणाले, "बाईंकडून नव्या फळांचा वानोळा घे आणि आजच्या टपालानं आमच्या घरी नाशिकला पाठव."

हौसाबाईनं टोपली मागं ओढली. "नको साहेब. सडकी फळं तुमच्या लेकराबाळांच्या तोंडी घालायचं पाप मला नको."

 साहेब परत खुर्चीत बसून म्हणाले, "टपालाचा दर किती ठेवायचा म्हणता?"