भिंगरी सुटली तेव्हा

"…पण दोन पट्टे कशाला, बापू?"

हुसेनबापू शिकलगार कुत्रीच्या छातीभोवती दुसरा पट्टा आवळत होते. बोटं म्हातारी, पण पकड पक्की.

"एक तिच्यासाठी," ते म्हणाले.

"आणि दुसरा?"

"आपल्या चुकीसाठी."

शैलेंद्र धामणकर हसला. त्याला ते उत्तर जुन्या माणसाचं वाटलं.

हा शैलेंद्र माझा मित्र. पुण्यात मोठ्या हुद्द्यावर, आणि सुट्टीच्या दिवशी एक चांगलं काम. खाणीवरून, बंद घरांतून, रस्त्याच्या कडेवरून सोडवलेली कुत्री तो आपल्या गाडीने नव्या घरी पोचवायचा. काम चांगलंच. पण चांगल्या कामाचाही तोरा चढतो, आणि याला तो बऱ्यापैकी चढला होता. सदतीस फेऱ्या, सदतीस फोटो. अर्ध्या वाटेवर थांबून कुत्र्याचा एक सुंदर फोटो काढायचा आणि पुढे घरच्यांना पाठवायचा, ही त्याची पद्धत. फोटो बघून लोक रडतात, हे तो मला न चुकता सांगायचा.

हा प्रसंगही त्यानेच सांगितला. स्वतःची फजिती कोणी वाढवून सांगत नाही, म्हणून मी ती जशीच्या तशी खरी मानतो.

बापूंनी एकतीस वर्षं एस.टी. चालवली होती. निवृत्त झाल्यावर एक जुनी व्हॅन घेतली, मागची बाकं काढली आणि तिथे उचलून उतरवता येणारा पिंजरा ठेवला. मिरजेजवळच्या प्राणी-निवाऱ्यातली कुत्री तेच पोचवायचे. निवाऱ्याचा एक नियम होता. नवा चालक आला की त्याची पहिली फेरी बापूंबरोबर. या निवाऱ्यासाठी शैलेंद्र नवाच होता, पण सदतीस फेऱ्या केलेल्या माणसाला हे झोंबलं.

"माझ्या हातून आजवर एकही सुटलं नाही," निघता निघता तो म्हणाला.

"माझ्या हातून तीन सुटली."

"तीन?"

"दोन घावली."

तिसऱ्याचं बापूंनी सांगितलं नाही. शैलेंद्रनेही विचारलं नाही. मनातल्या मनात त्याने दोघांची तुलना केली आणि स्वतःला पहिला नंबर दिला.

कुत्री तांबूस रंगाची होती, एक कान फाटलेला. तीन वर्षं एका खडीच्या खाणीवर साखळीला बांधलेली. खाण बंद पडली, माणसं निघून गेली, ती साखळीलाच राहिली. निवाऱ्यात आणली तेव्हा मोकळी सोडली तरी गोल गोलच फिरायची, म्हणून तिचं नाव भिंगरी ठेवलं. त्याला पंधरा दिवस झाले होते.

तिला वाईला न्यायचं होतं. तिथे वाळिंबेबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका तिची वाट बघत होत्या. सकाळपासून त्यांचे दोन फोन येऊन गेले होते.

पिंजऱ्यात खाणीवरचं एक गोणपाट होतं. त्याला वास येत होता.

"हे टाकून देऊ," शैलेंद्र म्हणाला. "मी नवी गादी आणलीय."

"ऱ्हाऊ द्या."

"घाण आहे, बापू."

"तिची हाय."

बापूंनी पिंजऱ्याची कडी लावली, मग गाडीचं दार लावलं, आणि दोन्ही एकदा ओढून बघितली.

"एक दार उघडायचं, तर आधी दुसरं लावायचं," ते म्हणाले. "दोन्ही एका वक्ती उघडी नकोत. एवढंच हाय आपल्या कामात."

"माहीत आहे मला."

"माहीत असतंय सगळ्यांना."

गाडी पन्नासच्या वर गेली नाही. हॉर्न नाही, गाणी नाहीत. मागून ट्रक येत होते, शिव्या देत पुढे जात होते. शैलेंद्रच्या पायाला सारखं वाटत होतं, की त्याच्या पुढ्यातही एक्सलरेटर असायला हवा होता.

कऱ्हाड गेलं. भिंगरी रडायला लागली.

"थांबवू या जरा. मोकळं करू तिला."

"न्हाई."

"ऐकवत नाही हो…"

"रडतीय म्हंजी आत हाय," बापू म्हणाले.

उंब्रजच्या पुढे त्यांनी गाडी हमरस्त्यावरून खाली घेतली. दोनशे पावलं आत, शेताच्या कडेला एक चिंच होती. दुपारच्या नमाजची वेळ झाली होती. बापूंनी सतरंजी काखेत मारली.

"मी येईस्तवर दार उघडायचं न्हाई, साहेब."

शैलेंद्रने मान हलवली.

बापू चिंचेखाली गेले, पाठ गाडीकडे आली. तेवढ्यात वाळिंबेबाईंचा निरोप फोनवर आला. तिचा एक फोटो पाठवाल का, जीव लागून राहिलाय.

आता अर्धी वाट झालीच होती.

काचेतून फोटो अंधारा येत होता. त्याने गाडीचं दार सरकवलं, थोडंसंच, उजेडापुरतं. जाळी मध्ये आली. त्याने कडी काढली. छातीवरच्या जाड पट्ट्याने ती कैद्यासारखी दिसत होती, म्हणून फोटोपुरता तोही सोडला. गळ्यातला पट्टा होताच, त्याची दोरी त्याने डाव्या हातात धरली.

उजव्या हातात फोन.

भिंगरीने मान खाली घातली, मागे घेतली, आणि रिकामा पट्टा त्याच्या हातात राहिला. ती त्याच्या बगलेखालून कधी गेली ते त्याला कळलंच नाही.

सोयाबीन काढून झालेलं मोकळं शेत. त्याच्यापलीकडे हमरस्ता. चार पदरी, आणि एकही पदर रिकामा नाही.

"भिंगरी… भिंगरी…"

तो धावला. ती पंधरा पावलं पुढे गेली, थांबली, वळून बघितलं. तो पुन्हा धावला. ती पुन्हा पंधरा पावलं पुढे. त्याचा आवाज चढत गेला. नाव पंधरा दिवसांचं, ते तिला आपलं वाटायलाही वेळ मिळाला नव्हता. तिला एवढंच कळत होतं की एक माणूस ओरडत अंगावर येतो आहे.

आता रस्ता पन्नास पावलांवर होता.

"बस."

बापू नमाज अर्धी सोडून आले होते. पायांत चपला नव्हत्या.

"बापू, ती रस्त्याकडे…"

"खाली बस."

"अहो, मरेल ती…"

"तूच ढकलतोयस तिला तिकडं. बस. पाठ कर तिच्याकडं."

सकाळपासूनचं 'साहेब' आणि 'तुमी' गळून पडलं होतं. शैलेंद्र बसला. ढेकळांत, रस्त्याकडे पाठ करून. आयुष्यात यापेक्षा अवघड काही केलं नाही, असं तो म्हणतो, आणि त्याची दोन लग्नं झालेली आहेत.

बापू सावकाश गाडीकडे गेले. पिंजरा उतरवला, शेतात ठेवला, दार उघडं टाकलं. गोणपाट अर्धं आत, अर्धं बाहेर पसरलं. मग जेवणाचा डबा घेऊन शैलेंद्रशेजारी येऊन बसले. त्यांचीही पाठ रस्त्याकडे.

डबा उघडला. भाकरी आणि अंड्याची पोळी.

"खा."

"बापू…"

"खा. मोठ्यानं चाव."

मागून ट्रक गेला. मग दुसरा. तिसऱ्याने लांबलचक हॉर्न दिला आणि शैलेंद्रची मान वळायला लागली.

"बघू का?"

"न्हाई."

"एकदाच."

"बघशील तर उठशील."

…

"तुम्हाला दिसतेय का ती?"

"न्हाई."

"मग तुम्ही इतके शांत कसे?"

"कोण शांत हाय?" बापू म्हणाले. हातातली भाकरी त्यांनी अजून तोंडाला लावली नव्हती. "बोलत ऱ्हा. तिच्याशी नको. माझ्याशी बोल."

"काय बोलू?"

"कायबी."

शैलेंद्रला सदतीस फेऱ्यांतलं सांगण्यासारखं काहीच आठवेना.

"फोटोसाठी छातीचा पट्टा काढला मी," तो शेवटी म्हणाला.

"दिसलं."

"दोन्ही दारं उघडली."

"तेबी दिसलं."

"चूक झाली, बापू. माझ्यामुळे जाईल ती." आणि तो रडायला लागला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, तोंडात भाकरीचा घास.

"ते मागनं बघू. पोळी घे."

…

"तुमची नमाज मोडली माझ्यामुळे."

"नमाज पुन्हा पढीन. हिला दुसऱ्यांदा कुठनं आणू?"

ऊन मानेवर आलं होतं. मागे गाड्यांचा आवाज चालूच होता. ब्रेक कुठे लागतोय का, तेवढंच शैलेंद्र ऐकत होता.

"ते तिसरं कुत्रं…" त्याने हळूच विचारलं. "त्याचं काय झालं?"

"मी त्याच्या मागं धावलो." बापूंनी घास गिळला. "तवा मला लई चांगलं धावता येत हुतं."

दोघं चावत राहिले.

किती वेळ, ते शैलेंद्रला सांगता येत नाही. डब्यातल्या तीनपैकी दीड भाकरी संपली होती, एवढंच त्याला आठवतं. आणि मग त्याच्या कोपराला काहीतरी ओलं लागलं.

नाक.

त्याचा हात तिच्या मानेकडे जाणार होता.

"हलू नको," बापू ओठांतल्या ओठांत म्हणाले.

भिंगरीने त्याचा कोपर हुंगला, गुडघा हुंगला. मांडीवरचा भाकरीचा तुकडा उचलला आणि दोन पावलं मागे जाऊन खाल्ला. बापूंनी न बघताच एक तुकडा मागे टाकला. मग आणखी एक, जरा लांब. मग पिंजऱ्याच्या तोंडाशी.

ती गोणपाटापाशी थांबली. ते नीट हुंगलं. आत गेली, गोल गोल फिरली, आणि अंगाची घडी करून बसली.

"बापू, दार…"

"गिळू दे तिला."

तिने गिळलं. बापू गुडघ्यावर हात टेकून उठले, फिरायला निघाल्यासारखे तिथवर गेले आणि कडी लावली. एकदा ओढून बघितली.

मग ते तिथेच मटकन खाली बसले आणि खूप वेळ उठले नाहीत.

शैलेंद्रला हायसं वाटलं. तो हसत होता, डोळे गळत होते. छातीवरची धोंड कोणी उचलून नेली होती. शेत चांगलं दिसत होतं, ट्रकसुद्धा चांगले दिसत होते.

बापूंनी त्याला पाणी दिलं. मग चिंचेखाली जाऊन नमाज पहिल्यापासून पढली. तोवर शैलेंद्र बंद पिंजऱ्याशेजारी मातीत बसून राहिला, आणि त्याचा हात कडीवरून हलला नाही.

फोन शेतातच सापडला.

"फोटो ऱ्हायला न्हवं बाईंचा?" बापूंनी विचारलं.

शैलेंद्रने जाळीतून काढला. त्यात अर्धं नाक आणि गोणपाट दिसतं. अडतीस फोटोंतला सगळ्यात वाईट. वाळिंबेबाईंनी तो आता मोठा करून भिंतीवर लावला आहे.

वाईला पोचले तेव्हा चार वाजले होते. बाई फाटकाशीच उभ्या होत्या. बापूंनी व्हॅन आत घेतली, आधी त्यांना फाटक लावायला सांगितलं, मग गाडीचं दार उघडलं. पिंजऱ्यातच भिंगरीला दोन्ही पट्टे पुन्हा चढवले, एकाची दोरी आपल्या कमरेला बांधली, दुसऱ्याची शैलेंद्रच्या. तिघं मिळून अंगणात उतरले. भिंगरीने तुळशीचा कट्टा हुंगला, बादलीतलं पाणी प्यायली, आणि ओसरीवरच्या बाकाखाली शिरून झोपली.

बाईंनी पदराने डोळे पुसले.

"वाटेत त्रास नाही ना दिला हिने?"

बापू रिकाम्या दोरीची घडी घालत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

'नाही' म्हणणं सोपं होतं. बाईंना बरं वाटलं असतं, कोणाचं काही बिघडलंही नसतं. सकाळचा शैलेंद्र तेच म्हणाला असता.

"तिने नाही दिला," तो म्हणाला. "मी दिला. माझ्या हातून सुटली होती ती, हमरस्त्याजवळ."

आणि त्याने सगळं सांगितलं. फोटो, दोन दारं, पट्टा. काही गाळलं नाही.

बाई बाकाखालच्या भिंगरीकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला, मग हळूहळू परत आला.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "फाटकाखाली एक फट आहे. आजच बुजवून घेते." आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

चहा पिऊन दोघं बाहेर आले. शैलेंद्र व्हॅनपाशी थांबला.

"बापू, निवाऱ्यात सांगा, मला पुन्हा कुत्रं देऊ नका म्हणून."

बापूंनी खिशातून व्हॅनची किल्ली काढली आणि त्याच्या हातात ठेवली. मग पलीकडच्या बाजूला जाऊन चालकाशेजारच्या सीटवर बसले.

"उद्या एक न्यायचं हाय," ते म्हणाले. "सोलापूरला. तू एकटा जा."

"मी? आज एवढं झाल्यावर?"

…

"ठार बहिरं हाय ते," बापू म्हणाले. "हाक मारल्यावर येणारं असतं, तर दुसऱ्या कुणालाबी दिलं असतं. ह्याला पाठ करून बसणारा पायजे."