दाखवणावळ

“...पण मला सांगा बुवा, घर दाखवण्यात कष्ट ते काय?”

रेवणबुवा सुपात ज्वारी निवडत होते. त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

प्रश्न विचारणारे महालिंग शेटे हे मठाचे जुने शिष्य. सांगलीत त्यांची हळदीची अडत होती. शेतकऱ्याने हळद आणून दुकानात लावायची, व्यापाऱ्याने ती घ्यायची आणि दोघांच्या मधे बसून शेट्यांनी आपला टक्का काढून घ्यायचा. आजोबांपासून हेच चाललं होतं, आणि बरं चाललं होतं. मठाच्या मंडपावरचा पत्रा शेट्यांचा. उत्सवातली पहिली पंगत शेट्यांची. आमटीत मीठ कमी आहे हे मोठ्याने सांगायचा मानही शेट्यांचाच.

“गिरणीवाला दळणावळ घेतो, कारण तो दळतो,” शेटे म्हणाले. “शिंपी शिवणावळ घेतो, कारण तो शिवतो. नुसतं दाखवायचं आणि दाखवणावळ मागायची, हे कुठल्या शास्त्रात बसतं?”

“कोन मागतंय?”

“सुनंदा कोठावळे म्हणून एक बाई आहे. घरांची एजंट. स्कूटरवरून हिंडते, किल्ल्यांचा जुडगा घेऊन. घर मालकाचं, पैसे माझे. मधे ही कोण?”

“मधी ती,” बुवा म्हणाले.

शेट्यांना हे उत्तर आवडलं नाही. त्यांना उत्तर हवंच होतं असं नाही, होकार हवा होता. माणूस गुरूकडे येताना बहुधा निकाल खिशात घालूनच येतो, फक्त शिक्का मारून घ्यायचा असतो.

“घर कशाला घेतोयस?” बुवांनी विचारलं. “दुकानावर माडी हाय की.”

“माडीला जिना आहे. मंडळीचे गुडघे गेले. वर्षभर खाली उतरलेली नाही ती. गॅलरीत बसून रस्ता बघते. तळमजल्यावर घर हवं होतं, पुढे थोडं अंगण असलेलं.”

“गावलं लगेच?”

“लगेच कुठलं? पुष्कळ हिंडलो.”

“एकलाच?”

“नाही... तिच्याबरोबर.”

बुवांनी सूप पाखडलं. कोंडा उडाला. शेट्यांनी धोतर झटकलं.

“हिंडलास त्यातलं एकबी आवडलं न्हाई?”

“एक आवडलं होतं. फार आवडलं होतं. मी तिथल्या तिथे म्हटलं, बाई, बोलणी करा. तर म्हणते कशी, शेटे काका, हे घर मी तुम्हाला घेऊ देणार नाही. उन्हाळ्यात ह्या गल्लीत पाणी चढत नाही. काकूंना त्या गुडघ्यांनी बादल्या वाहायला लावणार का?”

“ते घेतलं असतंस तर तिला मिळालं असतं न्हवं काय तरी?”

“मिळालं असतं.”

“मग ते घर तिनं झाकलं म्हनायचं. त्येचं काय देतोस?”

शेटे हसले. “झाकण्याचे पैसे कोण देतं, बुवा?”

“व्हय... ते बी खरंच.”

बुवा पुन्हा ज्वारीत गुंतले. शेट्यांना वाटलं, आपण एक डाव जिंकला. त्यांनी बैठक सैल केली आणि दुसरा मुद्दा काढला. दुकानात गिऱ्हाईक वळवताना ते असेच मांडी बदलत असत.

“बरं, द्यायचंच तर मालकानं द्यावं. विकणारा तो. पैसा जाणार त्याच्या खिशात. ज्याच्या खिशात येतं त्यानं द्यावं की ज्याच्या खिशातून जातं त्यानं?”

“तुझ्या दुकानात कोन देतं?”

“आधी शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून कापत होतो. आता व्यापाऱ्याकडून घेतो.”

“मंग शेतकरी सुखी झाला असंल.”

शेट्यांना आता मनापासून हसू आलं. धंद्यातलं बोलताना त्यांना मोकळं वाटे. “कुठला सुखी, बुवा! व्यापारी तेवढं धरूनच भाव बोलतो. कापा कुणाकडूनही, शेवटी सगळं भावातच बसतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?”

“मंग मालकानं द्यायचं का तू द्यायचं, ह्यावर मघाधरनं काय भांडतोयस?”

शेट्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

...

“तसं नाही,” ते म्हणाले. “माझं म्हणणं वेगळंच आहे. ती त्याच्याकडूनही घेणार आणि माझ्याकडूनही. दोन्हीकडे हात. मग ती नक्की कुणाची? मालकाची की माझी?”

“तू कुनाचा? शेतकऱ्याचा का व्यापाऱ्याचा?”

“मी...”

बुवांनी वाट पाहिली. मठामागच्या शेतात कुणीतरी बैलाला हाकारत होतं.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण शेट्यांना ठाऊक नव्हती असं नाही. पण म्हणी माणूस दुसऱ्यासाठी पाठ करतो.

“महालिंगा,” बुवांनी सूप खाली ठेवलं. “ताकाला आलास आन् भांडं लपवतोयस. काय करून आलास ते सांग.”

शेट्यांनी सदऱ्याची बटणं चाचपली. सगळी लागलेली होती.

“घर ठरलं,” ते म्हणाले. “तिनंच दाखवलेलं. तळमजला, अंगण, अंगणात सोनचाफा. पण मालक आणि मी... परस्पर बसलो. तो म्हणाला, बाईला मधून काढू, दोघांचेही पैसे वाचतील. मीही म्हटलं, काढू.”

“आन् तिला?”

“तिला सांगितलं, व्यवहार फिसकटला.”

“काय म्हनाली?”

बुवा नुसते बघत राहिले आणि शेट्यांना ते बघणं सहन होईना.

“म्हणाली, असू दे शेटे काका, मन लावून घेऊ नका. काकूंसाठी दुसरं बघू...” शेट्यांनी धोतरावरचा कोंडा पुन्हा झटकला. “अजून बघतेय ती. काल फोन करून दोन पत्ते सांगितले.”

हे सांगताना त्यांना लाज वाटली. लाज वाटली याचा रागही आला. आणि तो राग, जसा नेहमी निघतो तसा, तिसऱ्याच माणसावर निघाला.

“मंडळीनं घोळ घातलाय सगळा! तिच्यासाठी घर घेतोय आणि तीच म्हणते, गरज सरो नि वैद्य मरो, असल्या घरात मी पाऊल टाकायची नाही. माडीवरच मरेन म्हणते. शेवटी म्हणाली, बुवांनी हो म्हटलं तर येईन. सोमवारी खरेदीपत्र आहे. म्हणून आलो. तुम्ही वास्तुशांतीला या. उंबऱ्याच्या आत पहिलं पाऊल तुमचं पडू दे. तुम्ही आत गेलात की तीही येईल. मला दुसरं काही नको बुवा... तुम्ही फक्त हो म्हणा.”

बुवा हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, झटकला, आणि उजव्या हातावर पसरून हात पुढे केला.

शेट्यांना तो हात कळला. सांगलीच्या पेठेत वाढलेल्या कुठल्याही माणसाला कळला असता. हळदीच्या सौद्यात भाव तोंडाने बोलायचा नाही, ही तिथली जुनी रीत. रुमालाखाली हातात हात द्यायचा आणि बोटं दाबायची. किती बोटं, कुठलं पेर, यावरून समोरच्याला रक्कम कळे. भोवती बाजार उभा असला तरी कुणाला काही दिसत नसे. आणि एकदा बोट दाबलं की शब्द गेला. तो फिरवणाऱ्याला पुन्हा कुणी रुमालाखाली हात देत नसे.

रेवणबुवा बुवा व्हायच्या आधी हळद पिकवत. त्यांची हळद शेट्यांच्या वडिलांच्या दुकानात लागत असे.

“बुवा, चेष्टा नको,” शेटे म्हणाले.

“तोंड लई बोललं. तोंडाला इसावा दे. त्या बाईनं जे केलं त्येचा भाव सांग.”

“अहो, पण...”

“हात दे.”

शेट्यांचा हात पुढे गेला. पंच्याखाली शिरला.

दोघेही समोर बघत होते. सौद्यात तसंच बघतात, एकमेकांच्या डोळ्यांत नाही.

तोंडाला शेट्यांनी मठाची पायरी चढेपर्यंत सगळं पढवून ठेवलं होतं. बोटांना काही पढवायचं राहिलं होतं. हजारो सौदे केलेली बोटं ती. समोर माल आला की त्याची किंमत ती शेट्यांनाही न विचारता सांगत. पंचा किंचित हलला. पुन्हा हलला... आणि थांबला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात. इथे तर हात झाकलेला होता.

किती सांगितलं ते त्या दोघांना ठाऊक. मला नाही. पण शेट्यांच्या चेहऱ्यावरून एवढं कळत होतं की तो आकडा कळून पहिला धक्का त्यांनाच बसला होता.

त्यांनी हात झटकन मागे घेतला.

“हे काही खरं नाही. मी काय, तुम्ही हात पुढे केलात म्हणून... मी नुसतं दाखवलं.”

“तिनं तरी दुसरं काय केलं?”

...

शेटे स्वतःच्या पंज्याकडे बघत बसले. त्यांच्या तीन पिढ्यांत रुमालाखालचा शब्द कुणी फिरवला नव्हता. एकदा वडिलांनी चुकून एक पेर जास्त दाबलं आणि त्या एका पेरापायी त्या साली दिवाळीला कुणाला नवे कपडे झाले नाहीत. पण वडिलांनी हूं की चूं केलं नाही. घरात ही गोष्ट फार अभिमानाने सांगत.

“बरं,” ते अखेर म्हणाले. “देतो. जेवढं दाबलं तेवढं देतो. दुकानातल्या माणसाबरोबर पाकीट धाडून देतो तिच्याकडे. मग तर झालं?”

बुवांनी पंचा घडी करून पुन्हा खांद्यावर टाकला आणि सूप मांडीवर घेतलं.

“म्हणजे घर घेणाऱ्यानं एजंटाला द्यावंच, असा नियम धरू?” शेट्यांनी विचारलं. नियम सापडला की त्यांना हायसं वाटे. नियमाला डोळे नसतात.

“म्या कुठं तसं म्हनलं? नुसतं कुलूप काढून टक्का मागनारी बी हायत. एकच घर दहा जनास्नी दावून भाव चढवनारी हायत. त्यास्नी कशापायी द्यायचं?”

“मग द्यायचं कुणाला आणि नाही कुणाला, हे ओळखायचं कसं?”

“तुझ्या बोटांनी वळखलं की मघाशी.”

शेट्यांनी मान खाली घातली. वाद संपला होता. का संपला ते त्यांना नीट सांगता आलं नसतं, पण गाठोडं खांद्यावरून उतरल्यासारखं वाटत होतं आणि घरी जाऊन बायकोला काय सांगायचं याची जुळवाजुळवही मनात सुरू झाली होती. सांगायला अवघड काही नव्हतं. पाकीट जाईल, बाई घेईल, कुणाला कुणाचं तोंड बघावं लागणार नाही. ते उठले, वाकून नमस्कार केला.

“मग वास्तुशांतीला येताय ना, बुवा? मंडळीला तसं सांगतो. सकाळी लवकर गाडी धाडतो. ड्रायव्हरला पत्ता ठाऊक आहे.”

“गाडी नगं.”

“मग कसे याल? घर शहराच्या पार पलीकडे आहे.”

बुवांनी ज्वारीतला शेवटचा खडा टिपला.

“मला कुठं ठावं हाय तुझं घर, महालिंगा? त्या बाईला धाड. ती दाखवील, मग येतो.”