तित्तराचा रस्सा आणि दोन व्याही

एका गावात एक शिकारी राहत होता. नाव रखमाजी. खरं सांगायचं तर तो शेतकरीच होता, चांगली बैलजोडी होती, रान होतं. पण त्याला शेतकरी म्हटलेलं खपायचं नाही. "शेती काय, कुणीपण करतं," म्हणायचा. शिकारी म्हणून हाक मारली की मात्र स्वारी खूश! हाक मारणाऱ्याला घरी नेऊन गूळ-शेंगदाणे खायला घालायचा. गावातली पोरं येता-जाता त्याला "काय शिकारी!" म्हणायची, ते काही उगीच नाही.

आता त्याची शिकार म्हणजे वाघ-अस्वल नव्हे बरं का. शिकार तित्तरांची. ज्वारीची कापणी झाली, कणसं खळ्यावर गेली, की रानात नुसती धसकटं उरतात आणि त्यांच्यामध्ये सांडलेले दाणे. ते टिपायला उजाडता उजाडता तित्तरांचा थवा उतरतो. त्यांना धरायची रीत ठरलेली. आधी आरडाओरडा करत थव्यात घुसायचं. पाखरं भुर्रकन उडून चहूकडे पांगतात. मग जाळं घेऊन कुठेतरी आडोशाला गप बसायचं. पांगलेल्या तित्तराला एकट्याला करमत नाही. थोड्या वेळानं तो सोबत्यांना साद घालतो. तेव्हा आपण तोंडापुढे ओंजळ धरून तशीच साद द्यायची, "कतीतर! कतीतर!" की तो बिचारा चालत चालत थेट जाळ्यात येतो. मान मात्र वर काढायची नाही. तित्तराची नजर सासूहून तिखट, डोकं दिसलं की गेलाच म्हणून समजा.

रखमाजीची हाक हुबेहूब होती, हे कबूल करायलाच हवं. पण ती हुबेहूब आहे हे तो स्वतःच इतकं सांगायचा, की ऐकणाऱ्याचा जीव नकोसा व्हायचा.

या रखमाजीला एक मुलगी होती, ठकू. ओढ्यापलीकडच्या गावातलं एक स्थळ तिला सांगून आलं. मुलगा कष्टाळू, माणसं चांगली, आणि ठकूच्या तर तो मनातच भरला होता. पाहणं झालं, पसंती झाली. आता मुलाकडच्यांनी यायचं, बैठक बसायची, सुपारी फोडायची, की लग्न पक्कं. इतकं सरळ होतं सगळं.

पण सरळ चालेल तर तो रखमाजी कसला! बैठकीच्या आधी बाजारात दोन्ही बापांची गाठ पडली. मुलाच्या बापाचं नाव सटवाजी. आणि दैव बघा, तोही तित्तरांचाच शौकीन निघाला. एका म्यानात दोन तलवारी!

"व्याही, मी साद घातली ना, की झोपलेला तित्तर उठून येतो," रखमाजी म्हणाला.

"आम्हाला साद घालावीच लागत नाही," सटवाजी म्हणाला. "मी नुसता खोकलो तरी येतात."

"मग या बैठकीला. तित्तराचा रस्सा वाढतो तुम्हाला."

"बघू या. बोलणारे पुष्कळ असतात, पाव्हणं."

झालं! रखमाजीच्या डोक्यात तिडीक गेली. तो भर बाजारात ओरडला, "नाही वाढला तित्तराचा रस्सा, तर सुपारी फोडू नका! जा!"

सटवाजीही काही कमी नव्हता. "ठरलं! रस्सा नाही, तर सुपारी नाही!"

बाजारातली भाजी घरी पोचायच्या आत ही बातमी घरी पोचली. रखमाजीची बायको भिवरा दारातच उभी होती.

"अहो, पोरीचं लग्न आहे की कोंबड्यांची झुंज?" ती म्हणाली. "तुमच्या जिभेला काही हाड? उद्या रानात पाखरू नाही सापडलं तर पोरीनं काय करायचं?"

"सापडत नाही म्हणजे काय? कुणाशी बोलतेस तू?"

"माझ्या नशिबाशी बोलते," भिवरा म्हणाली आणि आत गेली.

ठकू दळायला बसली, पण जात्यात दाणे घालायचेच राहिले. रिकामं जातं घरघर फिरवत बसली. ते ऐकून रखमाजी उठून दारापर्यंत गेला. पण शब्द बाजारात गेला होता, आणि तो परत आणायला त्याचे पाय जड झाले होते. एवढंच तो म्हणाला, "पोरी, काळजी करू नको. टोपलीभर आणतो."

बैठकीचा दिवस उजाडला. रखमाजी जाळं घेऊन रानात गेला. थवा उतरलेलाच होता. "हुर्रर्र! हो! हो!" करत तो धसकटांतून धावला. पाखरं उडाली. काही ओढ्याकडे गेली, काही बांधाकडे, काही थेट रानाच्या दुसऱ्या टोकाला. रखमाजी एका झुडपाआड पोटावर पालथा झाला आणि वाट बघू लागला.

आता रानाच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं? सटवाजी! त्यानं बायकोला आणि मुलाला बैलगाडीत बसवून रस्त्यानं धाडलं होतं. "मी आपला रानातून पायी येतो," म्हणाला होता. घोंगडीखाली जाळं लपवलेलं. व्याह्याच्याच रानातले दोन तित्तर धरून त्याच्यापुढे नाचवायचे, आणि म्हणायचं, "रान तुमचं, तित्तर तुमचे, पण धरले आम्ही!" माणूस वाईट नव्हता. एवढं एकदा म्हणून घेतलं असतं की सुपारीही फोडली असती त्यानं. पण एवढं म्हणायचंच होतं त्याला.

समोर पाखरं उतरलेली दिसली आणि सटवाजी तिथेच आडवा झाला. ओंजळ तोंडापुढे धरून त्यानं साद घातली, "कतीतर! कतीतर!"

रखमाजीनं कान टवकारले. आला बरं का! त्यानं उलट साद दिली, "कतीतर! कतीतर!"

"आहा!" सटवाजी मनात म्हणाला. "एका हाकेत उत्तर!"

मग काय विचारता! इकडून साद, तिकडून साद. खरा तित्तर एकदा-दोनदा ओरडतो आणि मग गुपचूप चालत येतो. हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं, दोघांचीही उभी हयात त्यात गेली होती. हाकेगणिक उत्तर देणारा तित्तर या पृथ्वीवर नाही. पण शंका येणार कुणाला? दोघांनाही वाटत होतं, आज आपला गळाच असा लागलाय की पाखराला राहवत नाहीये. रखमाजीनं शेवटी एक मुरकी घेतली, "कतीतर्र्र्र!" तिकडूनही तशीच मुरकी आली. रखमाजीच्या अंगावर काटा आला. "वा रे गड्या! असा तित्तर जन्मात ऐकला नाही!"

तित्तर काही चालत येईना, तेव्हा दोघंही पोटावर सरपटत पुढे निघाले. धसकटं टोचत होती, धोतरं फाटत होती, रखमाजीच्या कानात एक मुंगळा शिरून बाहेर आला. पण मान कुणी वर काढली नाही. शिकारी ना ते! ऊन चढलं, ओरडून ओरडून घसे खरखरीत झाले, तरी साद थांबेना. खरे तित्तर एव्हाना बांधाच्या कडेला गोळा झाले होते. हे काय चाललंय ते त्यांनी जरा वेळ माना वाकड्या करून पाहिलं आणि पुन्हा दाणे टिपायला लागले.

रानाच्या मधोमध कडब्याची गंजी होती. अलीकडून रखमाजी तिला टेकला, पलीकडून सटवाजी. "कतीतर!" इकडून. "कतीतर!" तिकडून. आता पाखरू हातभर अंतरावर! दोघांनीही देवाचं नाव घेतलं, जाळी उचलली आणि गंजीला वळसा घालून उडी मारली.

"सापडला रे सापडला!" दोघं एकदमच ओरडले.

रखमाजीच्या जाळ्यात सटवाजी होता आणि सटवाजीच्या जाळ्यात रखमाजी. कपाळाला कपाळ असं आपटलं की बांधावरचे तित्तर तेवढ्यापुरते उडाले.

"व्याही? तुम्ही?" रखमाजी कपाळ चोळत म्हणाला. "माझा तित्तर कुठाय?"

"तुमचा? माझा होता तो! इथंच होता. तुम्ही रेड्यासारखी उडी मारून उडवलात!"

"मी उडवला? सकाळपासून त्याला मी जवळ आणतोय!"

"मी आणतोय!"

खरं काय झालंय ते दोघांच्याही ध्यानात येईना. येणार कसं? ते ध्यानात यायचं तर आधी स्वतःला मूर्ख म्हणावं लागतं. शेवटी सटवाजी जाळ्यातून बोट नाचवत म्हणाला, "ज्याला रानात धड बसता येत नाही, त्याच्याशी मला सोयरीक करायची नाही!"

रखमाजी "नका करू!" म्हणणारच होता, तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या.

झालं होतं असं, की बैलगाडी घरी आली, पण गाडीत व्याही नाही. घरात बघावं तर यजमान नाही. मुलाला ओसरीवर बसवून भिवरा, सटवाजीची बायको आणि मागोमाग ठकू, अशा तिघी रानात शोधायला आल्या होत्या. बघतात तर काय, दोन मुंडासी, दोन जाळी आणि सगळ्याचा मिळून एक गुंता!

दोघांनी एकदमच गाऱ्हाणं सुरू केलं. याने तित्तर उडवला, त्याने तित्तर उडवला.

सटवाजीची बायको कमरेवर हात ठेवून ऐकत होती. ती म्हणाली, "ओरडत कसा होता तो तित्तर? जरा करून दाखवा."

ओरडून दाखवा म्हटल्यावर सटवाजी थांबतो होय? त्यानं जाळ्यातल्या जाळ्यात ओंजळ केली, डोळे मिटले आणि साद घातली. "कतीतर! कतीतर्र्र्र!"

रखमाजीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तोच गळा! तीच मुरकी! सकाळपासून आपण ज्याच्यावर जीव टाकत होतो, तो हा मिशाळ तित्तर!

भिवरा आणि विहीण आता रखमाजीकडे बघत होत्या. गप्प बसला असता तर निभावलं असतं. तित्तर होता, पाव्हण्यांनी उडवला, असं गावभर सांगता आलं असतं. शिकारी हे नावही राहिलं असतं. रखमाजीनं ठकूकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं एक ढेकूळ फोडत उभी होती. त्याला एकदम रिकाम्या जात्याची घरघर ऐकू आल्यासारखी वाटली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"व्याही," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तित्तर नव्हताच. सकाळपासून मी तुम्हाला हाका मारतोय आणि तुम्ही मला."

सटवाजीनं ओंजळ खाली घेतली.

"गाढव आहे मी," रखमाजी म्हणाला. "आणि बाजारात बोललो तो याच्याहून मोठा गाढवपणा. माझ्या फुशारकीपायी मी पोरीची सुपारी पणाला लावली. घरी रस्सा नाही. माझं चुकलं. पण माझ्या चुकीची शिक्षा पोरीला नका देऊ. पाया पडलो असतो, पण या जाळ्यात वाकता येत नाही."

सटवाजी लाल झाला. मग पांढरा झाला. मग एकदम खाली बघत म्हणाला, "खोकल्यावर तित्तर येतात, ते मीही खोटंच सांगितलं होतं."

"ते मला लग्नापासून माहीत आहे," त्याची बायको म्हणाली.

भिवराला पहिल्यांदा हसू फुटलं. मग ठकूनं पदर तोंडात कोंबला. मग कुणालाच आवरेना. सटवाजी डोळे पुसत म्हणाला, "व्याही, खरं सांगू? तुमची साद इतकी आवडली होती, की कापायचं नाही, पिंजऱ्यात घालून पाळायचं ठरवलं होतं मी तुम्हाला!"

"मी कापणार होतो," रखमाजी म्हणाला.

"असू द्या, असू द्या! चुकलो म्हणणारा सोयरा दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही. रस्सा गेला खड्ड्यात. सुपारी फोडायची!"

घरी भिवरानं हुलग्याचे शेंगोळे केले होते, नवऱ्याच्या टोपलीवर तिचा पहिल्यापासूनच भरवसा नव्हता. सगळे पोटभर जेवले. मग बैठक बसली. पण सकाळभर ओरडून दोन्ही बापांचे घसे असे बसले होते, की तोंडातून शब्द म्हणून फुटेना. मग मानपान, मुहूर्त, मांडव, सगळं दोघी विहिणींनीच बसून ठरवलं. दोन्ही बाप नुसत्या माना हलवत होते. इतकी लवकर आणि इतक्या गोडीत झालेली बैठक त्या पंचक्रोशीत आधी कुणी पाहिली नव्हती.

तात्पर्य: आपलीच हाक फार गोड वाटायला लागली, की ओ देणारा कोण आहे हे कळेनासं होतं, आणि फजिती झालीच, तर ती आपल्या तोंडानं सांगून टाकावी, तुटणारी सोयरीकसुद्धा जुळते.